गाड्या थांबवणाऱ्याचा सन्मान

२५ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी भारत सरकारने पद्म पुरस्कारांची यादी जाहीर केली. पद्मविभूषणाच्या मानकऱ्यांत जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव होते. त्यांच्या निधनाला वर्ष पूर्ण व्हायला तेव्हा चार दिवस उरले होते. नावापुढच्या रकान्यात लिहिले होते ‘सार्वजनिक व्यवहार’. अरुण जेटली आणि सुषमा स्वराज यांनाही त्याच वर्षी, त्याच रकान्यात, मरणोत्तर हाच सन्मान मिळाला.

या रकान्यात माजी संरक्षणमंत्री बसतो, माजी रेल्वेमंत्री बसतो, अनेकदा निवडून आलेला खासदारही बसतो. पण मुंबईचे टॅक्सीचालक आणि देशभरातील रेल्वे कर्मचारी ज्या जॉर्जना आपला माणूस मानत होते, तो जॉर्ज त्यात नेमका कुठे बसतो? पद्म पुरस्कारांत उद्योगपतींसाठी ‘व्यापार व उद्योग’ असा स्वतंत्र विभाग आहे. कामगार चळवळीसाठी तसा विभाग नाही. संघटना बांधणे, वाटाघाटी करणे आणि वेळ आली तर चाके थांबवणे या कामासाठी माणसाचा गौरव करायचा, तर ते काम दुसऱ्याच एखाद्या नावाखाली झाकून ठेवावे लागते. जगभर सार्वजनिक वाहतुकीतील कामगार नेत्यांच्या वाट्याला बहुधा असाच सन्मान येतो. ते का, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

सिंगापुरात बसून हा प्रश्न पडण्याला एक कारण आहे. मी नोव्हेना भागात राहतो. मुंबईकर वाचकाला हे नाव अगदीच परके वाटू नये, कारण माहीमच्या चर्चमधील बुधवारचा नोव्हेना आणि त्या दिवशी तिथे होणारी गर्दी सर्वधर्मीयांच्या परिचयाची आहे. इथल्या थॉमसन रस्त्यावरील चर्चमध्ये हीच प्रार्थना शनिवारी होते. तिच्यावरून लोक चर्चला ओळखू लागले, चर्चवरून वस्तीला नाव मिळाले आणि वस्तीवरून भुयारी रेल्वेच्या स्थानकाला. हे स्थानक १२ डिसेंबर १९८७ रोजी सुरू झाले. ही रेल्वे व्हावी म्हणून मंत्रिमंडळात चिवटपणे भांडलेला माणूस पुढे दहा वर्षे या देशातील कामगार संघटनांचा प्रमुख होता. त्याचे नाव ओंग टेंग चिओंग.

ओंग हे मूळचे वास्तुविशारद आणि नगररचनाकार. १९७८ ते १९८३ या काळात ते दळणवळण मंत्री होते. रेल्वेचा खर्च अंदाजे ५०० कोटी सिंगापूर डॉलर होता आणि एवढ्याशा बेटाला तो परवडणार नाही, असे मंत्रिमंडळातील वजनदार सहकाऱ्यांचे मत होते. हार्वर्डच्या तज्ज्ञांनीही रेल्वेऐवजी केवळ बसगाड्यांवर भर देण्याचा सल्ला दिला होता. बेटावरचे रस्ते बसगाड्यांना पुरे पडणार नाहीत, हे ओंग यांनी लावून धरले. अखेर मे १९८२ मध्ये रेल्वेच्या बाजूने निर्णय झाला. ७ नोव्हेंबर १९८७ रोजी पहिल्या पाच स्थानकांचा मार्ग खुला झाला, तेव्हा समारंभाचे प्रमुख पाहुणे तेच होते.

त्या वेळी ते उपपंतप्रधान होते आणि त्याच वेळी राष्ट्रीय कामगार संघटना महासंघाचे सरचिटणीसही होते. भारतीय वाचकाला हे विचित्र वाटेल. आपल्याकडे कामगार नेता मंत्री झाला की युनियनचे पद सोडतो, निदान सोडल्याचे दाखवतो. इथे सत्ताधारी पक्षाचा मंत्रीच महासंघाची सूत्रे हाती घेतो, आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नाही. सरकार, मालक आणि संघटना यांनी एका टेबलावर बसून वेतनाचे प्रश्न सोडवायचे, ही त्रिपक्षीय व्यवस्था १९७२ पासून राष्ट्रीय वेतन परिषदेच्या रूपाने चालत आली आहे. मे दिनानिमित्त महासंघातर्फे जे पुरस्कार दिले जातात, त्यांत ‘कॉमरेड ऑफ लेबर’ असे जुन्या वळणाचे नाव आजही टिकून आहे. मात्र याच समारंभात व्यवस्थापनातील मंडळींचाही गौरव होतो. आपल्याकडच्या एखाद्या गेट मीटिंगमध्ये कंपनीच्या व्यवस्थापकाला हार घातला गेला, तर काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी.

पण याच ओंग यांनी जानेवारी १९८६ मध्ये हायड्रिल या अमेरिकन कंपनीतील कामगारांना संपाची परवानगी दिली. मंत्रिमंडळाला आपण आधी सांगितले नव्हते, सांगितले असते तर अडवले गेले असते, हे त्यांनी पुढे एका मुलाखतीत स्वतःच कबूल केले. सहकारी मंत्री संतापले, परदेशातून दूरध्वनी आले, आणि दोन दिवसांत प्रश्न मिटला. १९९३ मध्ये ओंग थेट जनतेने निवडलेले पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर महासंघाच्या कामगार अभ्यास संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्याविषयी लिहिले जाते तेव्हा रेल्वे आधी येते, राष्ट्राध्यक्षपद त्यानंतर येते आणि दोन दिवसांचा तो संप एखाद्या परिच्छेदात उरकला जातो.

सिंगापूरच्या बस कामगारांचा खराखुरा नेता मात्र दुसराच होता. फोंग स्वी सुआन विशीत असतानाच सिंगापूर बस वर्कर्स युनियनचे सरचिटणीस झाले. आज सत्तेवर असलेल्या पक्षाच्या संस्थापकांत त्यांचीही गणना होते. १९५५ मध्ये हॉक ली बस कंपनीतील संपाने हिंसक वळण घेतले आणि १२ मे रोजीच्या दंगलीत चार जणांचा बळी गेला. त्या घटनेचा दोष कुणाचा, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. फोंग पुढे पक्षातून फुटले, फेब्रुवारी १९६३ च्या धरपकडीत स्थानबद्ध झाले, १९६७ मध्ये सुटले आणि त्यानंतर अनेक वर्षे त्यांना सिंगापुरात प्रवेश नव्हता. २०१७ मध्ये ते वारले. शालेय पाठ्यपुस्तकांत हॉक लीचा उल्लेख येतो, तो दंगलीच्या प्रकरणात. बस कामगारांची संघटना कशी उभी राहिली, याचा धडा म्हणून ही घटना शिकवली जात नाही.

हा फरक निव्वळ राजकीय आहे असे म्हणून मोकळे होता येईल. पण त्यामागे वाहतूक या धंद्याचा एक गुणधर्मही आहे.

गिरणीत कापड तयार होते आणि गोदामात पडून राहते. संप झाला तरी मालक साठा विकत राहतो, प्रसंगी संपच त्याच्या पथ्यावर पडतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार उभे होते. तरीही तोट्यातल्या गिरण्यांच्या मालकांना घाई नव्हती, आणि हा संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. वाहतुकीत गोदाम नसते. सकाळी आठची फेरी सकाळी आठलाच विकता येते. ती चुकली की कायमची बुडाली. म्हणून बस किंवा रेल्वेचा संप त्याच दिवशी, त्याच तासाला जाणवतो. छोट्या संघटनेलाही यामुळे मोठे बळ मिळते. मात्र हा फटका मालकाच्या आधी प्रवाशाला बसतो, आणि तो प्रवासी स्वतः बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी आस्थापनेतला कामगार असतो. वाहतूक संघटनेच्या नेत्याला मालकाशी लढताना या तिसऱ्या माणसाची सहानुभूतीही टिकवावी लागते. ज्याला वेळ साधता येते, कधी थांबवायचे आणि कधी पुन्हा सुरू करायचे हे कळते, तोच या क्षेत्रात दीर्घकाळ टिकतो.

सरकारेही हे ओळखून असतात. सिंगापूरच्या कायद्यानुसार पाणी, वीज आणि गॅस पुरवठ्यात संपाला मुळीच परवानगी नाही. सार्वजनिक वाहतुकीत १४ दिवसांची पूर्वसूचना आवश्यक आहे. योगायोग असा की महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंधक कायद्यातही संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सांगितली आहे. हे १४ दिवस तडजोडीसाठी असतात, असे कायदा म्हणतो. व्यवहारात ते दोन्ही बाजूंना तयारीसाठी मिळतात, आणि सरकारची तयारी नेहमीच अधिक जय्यत असते. नोव्हेंबर २०१२ मध्ये सिंगापुरातील १७१ चिनी बसचालक कामावर गेले नाहीत. मलेशियन चालकांपेक्षा कमी वेतन आणि वसतिगृहांची अवस्था या त्यांच्या तक्रारी होत्या. ते संघटनेचे सदस्य नव्हते, त्यांनी नोटीस दिली नव्हती, त्यामुळे संप बेकायदा ठरला. पाच जणांना सहा-सात आठवड्यांचा तुरुंगवास झाला, २९ जणांना मायदेशी पाठवण्यात आले. १९८६ नंतरचा हा पहिला संप होता.

आता पुन्हा जॉर्जकडे वळू. नोटीस, तयारी आणि अटक या तिन्हींचा अर्थ १९७४ मध्ये जेवढा उघड झाला, तेवढा क्वचितच झाला असेल.

मंगळुरूचा हा तरुण पाद्री होण्यासाठी बंगळुरूच्या धर्मशाळेत गेला होता. तिथून तो बाहेर पडला आणि १९४९ मध्ये मुंबईला आला. काही काळ चौपाटीच्या बाकांवर झोपला, वर्तमानपत्रात मुद्रितशोधकाचे काम केले आणि गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्या सहवासात संघटनेचे काम शिकला. हॉटेल कामगार, महापालिका कामगार, टॅक्सीचालक असे एकेक घटक त्याने बांधले. मुंबईने त्याला ‘बंदसम्राट’ म्हटले, आणि त्या विशेषणात कौतुक आणि वैताग समप्रमाणात होते. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांचा पराभव करून तो देशभर पोहोचला. परंतु वाहतूक कामगारांच्या दृष्टीने त्याच्या पुढच्याच वर्षीची घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. १९६८ मध्ये जॉर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली. दुसऱ्याची टॅक्सी चालवून रोजच्या रोज मालकाला पैसे मोजणाऱ्या चालकाला कर्ज मिळावे आणि गाडी त्याच्या स्वतःच्या नावावर व्हावी, हा त्यामागचा विचार होता. बंदसम्राटाने बँक काढावी, यातच त्या पिढीच्या संघटनेची समज दिसते. (हीच पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाली. २०२५ मध्ये गैरव्यवहार उघड होऊन ती सारस्वत बँकेत विलीन झाली, हे लिहिताना वाईट वाटते.)

१९७३ मध्ये जॉर्ज ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. तेव्हाची रेल्वेतील स्थिती आज सांगूनही पटणार नाही. इंजिनावरचे कर्मचारी एकेका पाळीत चौदा-चौदा तास आणि त्याहूनही अधिक काळ ड्युटीवर असत. सरकारी उद्योगांतील कामगारांना बोनस मिळत होता, रेल्वे कर्मचाऱ्यांना नव्हता. फेब्रुवारी १९७४ मध्ये अनेक संघटनांची संयुक्त समिती बनली आणि जॉर्ज तिचे निमंत्रक झाले. आठ तासांचा दिवस, बोनस, सार्वजनिक क्षेत्राच्या बरोबरीने वेतन, हंगामी कामगारांना कायम करणे या प्रमुख मागण्या होत्या. २३ एप्रिलला नोटीस दिली गेली आणि ८ मेपासून संपाची तारीख ठरली. वाटाघाटी चालू होत्या. अशा वेळी २ मे रोजी लखनौमध्ये जॉर्जना अटक झाली. नोटिशीचे १४ दिवस पुरे होण्याआधीच संपाचा नेता तुरुंगात होता.

संप तरीही झाला. सुमारे १७ लाख रेल्वे कर्मचाऱ्यांच्या या देशव्यापी लढ्याला भारताच्या इतिहासात तोड नाही. भारत संरक्षण नियमांखाली तो बेकायदा ठरवला गेला, हजारो कर्मचाऱ्यांना अटक झाली, अनेकांना नोकरीवरून कमी करण्यात आले, रेल्वे वसाहतींतील घरांतून कुटुंबांना बाहेर काढण्यात आले, आणि गाड्या चालवण्यासाठी प्रादेशिक सेनेला पाचारण करण्यात आले. २७ मे रोजी समितीने संप मागे घेतला. एकही मागणी मान्य झालेली नव्हती.

त्यामुळे पुष्कळ लेखांत या संपाची नोंद पराभव म्हणून होते. मला ते अर्धसत्य वाटते. १९७७ मध्ये जनता सरकार आले आणि रेल्वेमंत्री झालेल्या मधू दंडवते यांनी संपामुळे बडतर्फ झालेल्यांना परत कामावर घेतले. त्यानंतर १९७९ मध्ये, चरणसिंग यांच्या अल्पजीवी सरकारच्या काळात, रेल्वे कर्मचाऱ्यांना उत्पादकतेशी निगडित बोनस मंजूर झाला. संपातील ठळक मागणी पाच वर्षांनी पूर्ण झाली. मात्र ती संपामुळे पूर्ण झाली, असे कोणत्याही सरकारी आदेशात लिहिलेले नाही.

दंडवते यांचे नाव आले म्हणून थोडे विषयांतर करतो. माझे आजोळ राजापूर तालुक्यातले, म्हणजे त्यांच्याच मतदारसंघातले. लहानपणी आम्ही लाल एसटीने रात्रभर घाट उतरत गावी जायचो. कोकणात रेल्वे येणार हे तेव्हा मोठी माणसे एखाद्या पौराणिक कथेसारखे सांगत. १९८९ मध्ये जॉर्ज रेल्वेमंत्री झाले, दंडवते अर्थमंत्री झाले, आणि दोन समाजवाद्यांनी ते जुळवून आणले. अर्थसंकल्पाच्या रांगेत ताटकळत न राहता चार राज्यांच्या भागीदारीने स्वतंत्र महामंडळ स्थापायचे आणि रोख्यांतून पैसा उभा करायचा, ही युक्ती होती. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला. राजापूर रोड स्थानक गावापासून इतके दूर आहे की उतरल्यावर पुन्हा एसटीच शोधावी लागते, ही गोष्ट वेगळी.

कोकणात आज जॉर्ज यांच्याविषयी आदराने बोलणाऱ्या दहांपैकी नऊ जण या रेल्वेमुळे बोलतात. दिल्लीच्या सन्मानामागेही ते राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे निमंत्रक आणि वाजपेयी सरकारातील संरक्षणमंत्री होते, ही ओळख होती. जुन्या समाजवादी साथींना हे शेवटचे वळण अजिबात पटले नव्हते, आणि त्यांच्या नाराजीला आधार होता. पण प्रस्तुत विषयापुरते एवढेच सांगायचे आहे: ओंग यांच्याबाबतीत जे सिंगापुरात झाले, तेच जॉर्ज यांच्याबाबतीत भारतात झाले. रूळ टाकणारा मंत्री सन्मानाला पात्र ठरला. त्याच माणसाने चाके थांबवली होती, म्हणून त्याला रुळांची आणि रुळांवरच्या माणसांची जाण होती, हा दुवा मात्र गळून पडला. आणि ज्या फोंग यांना रूळ टाकण्याची संधीच मिळाली नाही, त्यांच्या वाट्याला दंगलीचे प्रकरण आले.

हे सारे जुन्या काळापुरते असते, तर सोडून देता आले असते. जॉर्ज यांच्या तालमीत तयार झालेल्या शरद राव यांनी बेस्ट, महापालिका आणि रिक्षाचालकांच्या संघटना अनेक वर्षे सांभाळल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे पुत्र शशांक राव पुढे आले आणि जानेवारी २०१९ मध्ये बेस्टचा नऊ दिवसांचा संप झाला. त्यानंतरच्या काळात मुंबईच्या रस्त्यांवर बेस्टच्या रंगातील कंत्राटी बसगाड्या वाढत गेल्या. त्यांच्या स्टेअरिंगमागचा चालक बेस्टचा नोकर नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये या कंत्राटी चालकांनी काम थांबवले, तेव्हा वाटाघाटी करायच्या कुणी आणि कुणाशी, हाच पहिला पेच होता. प्रवाशाला बस बेस्टची दिसते, वेतन ठेकेदार देतो आणि जबाबदारी दोघे एकमेकांकडे ढकलतात. एसटीत तर ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या प्रदीर्घ संपात मान्यताप्राप्त संघटनाच बाजूला पडल्या. अशा ठिकाणी चाळीस वर्षे एकाच आगाराच्या फाटकावर उभा राहणारा, चालकाला नावाने ओळखणारा नेता घडणार कसा, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. इथे नोव्हेनाच्या थांब्यावर मी ज्या बसमध्ये चढतो, तिच्या चालकांतही परदेशातून कराराने आलेले पुष्कळ जण असतात. त्यांच्यातले काही १ मेच्या सुट्टीलाही ड्युटीवर दिसतात.

दर वर्षी दसऱ्याच्या तोंडावर दिल्लीहून एक बातमी येते. केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वे कर्मचाऱ्यांना उत्पादकतेशी निगडित बोनस मंजूर केलेला असतो. बातमीसोबत मंत्र्यांचे छायाचित्र असते, लाभार्थींची संख्या असते आणि सणासुदीत बाजारात किती पैसा खेळेल याचा अंदाज असतो. १९७४ चा उल्लेख त्यात मी अद्याप पाहिलेला नाही. गेली बरीच वर्षे हा बोनस ७८ दिवसांच्या पगाराइतका आहे.